निलंग्याच्या आरशावरचं कुंकू

चष्मा कशानं पुसता हो तुम्ही? शर्टाच्या टोकानं, ओढणीनं, की तोंडाची वाफ सोडून जे हाताला येईल त्यानं? खोटं बोलू नका, मीही तेच करत होते. नांदेडहून निलंग्याला जाऊन आले आणि ती सवय सुटली. ती का सुटली ते सांगायला बसलेय, कारण तुम्ही काही तिकडं जाणार नाही. निलंग्याला फिरायला कोण जातं? गेलात तरी भात खाऊन परत याल.

तर, निलंग्याच्या एका शाळेत उज्ज्वला मॅडम विज्ञान शिकवतात. आईची चळवळीतली मैत्रीण, म्हणून माझी मावशी. तिनं शाळेसाठी दुर्बीण केली आहे. विकत घेऊन फीत कापली नाही, खरंच केली. पिंपावर एक काच ठेवायची, वर दुसरी ठेवून मधल्या रवाळ पावडरीत घासायची आणि घासत घासत पिंपाभोवती फिरायचं, असं एका उन्हाळ्याच्या सुट्टीभर फिरून तिनं ताटलीएवढा आरसा घडवला. पुण्याला पाठवून त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला आणि पीव्हीसीच्या जाड पाइपात बसवला. दसरा झाला आणि तिचा फोन आला.

"अगं, खंडेनवमीला कुणीतरी आरशालाच कुंकू लावलंय. ठसठशीत. बोटानं."

"पुसून टाक की मग."

"पुसून टाक म्हणे! तुला एवढी वर्षं पत्रकं वाचून हेच कळलं का?"

मग तिनं मला फोनवर शिकवलं. आपल्या घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे असतो, म्हणून आपण त्यावर टूथपेस्टचे शिंतोडे उडवतो आणि ओल्या कागदानं पुसतो. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा पुढच्या बाजूला असतो, उघडा. केसाच्या जाडीचे शेकड्यानं भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढा. फडकं फिरवलं की कुंकवाचे कण त्यावर नांगर धरणार. नाही पुसलं, तरी घरी केलेल्या कुंकवात हळदीबरोबर चुना असतो, आणि चुना ॲल्युमिनियम खातो.

"हेडसर म्हणाले, परत पुण्याला पाठवायला संस्थेकडं मी तोंड उघडणार नाही. बिघडली असेल तर मोडक्या बाकांच्या खोलीत ठेवून द्या. दहावीच्या पोरींना मी शनी दाखवायचं कबूल केलंय गं. त्या खोलीत एकदा गेली की बाहेर येत नाही, आणि मार्चनंतर पोरीही शाळेत नाहीत."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी पोळ्या पत्रकांत गुंडाळायचे, आणि डबा खाताना मी हुंडाविरोधी ठराव वाचायचे. आरशाला कुंकू म्हटल्यावर माझं डोकं काय थाऱ्यावर राहणार? फोन ठेवला आणि मजकूर लिहून काढला. मथळा, "कुंकवाचा जाहीर धिक्कार". सकाळी झेरॉक्स काढून गठ्ठा पिशवीत. आरसा कसा साफ करायचा ते त्यानंतर सुचलं. आमच्याकडं कामाचा क्रम असाच असतो.

विष्णुपुरी

माझा वर्गमित्र मुजीब विष्णुपुरीला राहतो. प्रयोगशाळेतली भिंगं, आरसे, लेसर यांना हात न लावता त्यांच्याजवळ बसून राहणं, हे त्याचं काम. धरणाच्या बाजूला चहाच्या टपरीवर त्यानं खिशातून छोटी काचेची बाटली काढली. आत मधासारखं काहीतरी होतं.

"हे पॉलिमर हाय. ब्रशनं जाड थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग कडेनं धरून सोलायचा. धूळ, बोटाचे ठसे, डाग, समदं त्याच्या पोटात चिकटून येतं. घासायचं कामच न्हाई."

लहानपणी तळहातावर पांढरा गोंद फासून वाळल्यावर सोलला नसेल असं माणूस मला अजून भेटलेलं नाही. तोच उद्योग, फक्त शिकलेला. मुजीब म्हणाला की नुसती सफाईच नव्हे, राखणही करतात यानं. नवं भिंग किंवा घासून चकचकीत केलेला धातूचा साचा गावोगाव पाठवायचा तर वर हा थर देतात आणि पोचल्यावर सोलतात. नव्या मोबाइलवरची पट्टी सोलताना आपल्याला जे सुख होतं, त्याचे या लोकांना पगार मिळतात.

"आणि खालचा मुलामा?"

"पक्का असंल तर ऱ्हातो."

"कच्चा असेल तर?"

"तर तो बी सोलून येतो." त्यानं शांतपणे चहाचा घोट घेतला. "म्हणून आधी कडेला नखाएवढं लावून बघायचं. काचेच्याच भांड्यात ओतायचं. जवळ विस्तव नको, पेट घेतं. आन् वढायला कडेला एक पट्टी चिकटवून ठेव. ऐकून राहिली ना?"

"हाव."

"काय सांगितलं मी?"

"पेट घेतं."

"तेवढंच लक्षात ऱ्हातं तुझ्या."

बरोबरच होतं त्याचं. पत्रकात "अंधश्रद्धेचा कर्दम" लिहावं की "गाळ", याचा निर्णय त्या वेळी माझ्या डोक्यात चालू होता.

अहमदपूर

एस.टी.त बाटली मांडीवर धरून बसले होते. सगळीकडं सोयाबीनची काढणी चाललेली. मळणीयंत्राचा भुसा रस्त्यावर असा तरंगत होता की ड्रायव्हर अंदाजानं चालवतोय की नवसानं, कळत नव्हतं. शेजारच्या मावशी लोह्यापासून बाटलीकडं बघत होत्या. अहमदपूर यायच्या आत त्यांनी तोंड उघडलंच.

"कुणाचं औषध हाय, बाई?"

"आरशाचं."

"आरशाला काय झालंय?"

"कुंकू लागलंय."

"मग चांगलंच झालं की!"

मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. त्यांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं, कोरी बाजू बघितली, नीट घडी घातली. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून कांदाभजी घेतली आणि माझ्या पत्रकावर ठेवून मला पुढं केली. "घे, गरम हायेत." भजी उत्तम होती. धिक्कार तेलानं पारदर्शक झाला होता.

लातूर

रात्री आतेभावाकडं मुक्काम. नांदेडचा माणूस लातूरला गेला की पहिला धक्का पाण्याचा बसतो. आमच्याकडं गोदावरी दाराशी, पाहुणा आला की तांब्या भरून पुढं करतो, तो दोन घोट पितो, उरलेलं तुळशीला. लातुरात वहिनीनं अर्धा पेला दिला आणि म्हणाली, "अजून लागलं तर मागा, लाजू नका." तो कंजूषपणा नव्हे. पाणी रेल्वेनं आलेलं ज्या गावानं पाहिलंय, ते गाव पेल्याच्या वरच्या निम्म्या भागाचा हिशेब ठेवतं.

पाण्याच्या थेंबाविना सफाई होते म्हटल्यावर भाऊ उठून बसला. "कढईला चालतं का?"

"दादा, हे दुर्बिणीसाठी आहे."

"पण कढईला चालतं का?"

सकाळी वहिनीनं सुशीला केली होती. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी. आमच्याकडं पोहे आहेत म्हणून आम्ही स्वतःला सुधारलेले समजतो. दोन ताटल्या खाऊन मी तो समज सोडला आणि निलंग्याची गाडी धरली.

निलंगा

शाळेत सगळ्यात कमी धूळ हेडसरांच्या खोलीत, म्हणून काम तिथंच करायचं ठरलं होतं. हेडसर बिराजदार दारातच उभे होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशाला दोन पेनं.

"या, या, नांदेडकर. तुमच्या आईंची पत्रकं अजून येतेत आम्हाला. पाठकोरी असतेत. लई उपयोगाची."

मी टेबलाकडं बघितलं. गणितं सोडवलेल्या कागदांचा गठ्ठा होता, आणि मागून आईचा स्त्रीमुक्तीचा लेख डोकावत होता.

"सर, ती उदबत्ती विझवा."

"आल्या आल्या?"

"हे औषध पेट घेतं."

"असं होय." त्यांनी चिमटीत धरून विझवली. "तुमच्या तत्त्वासाठी विझवली नसती हं."

मावशीनं स्टीलच्या मोठ्या डब्यातून आरसा काढला. मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यात छत दिसत होतं, पंखा दिसत होता, आणि मध्यापासून जरा वर, बरोबर कपाळाच्या जागी, लाल ठसा. कुणीतरी मन लावून लावलेलं कुंकू. मावशी त्याच्याकडं बघत नव्हती. दारात दहावीच्या मुलींची दाटी झाली होती.

ब्रश काढला. मुजीबनं सांगितलेलं सगळं आठवतंय अशा थाटात आजूबाजूला भांडं शोधलं. कपाटावर दसऱ्याच्या प्रसादाची थर्माकोलची वाटी उरली होती. तिच्यात ओतलं.

वाटीचं बूड गेलं. फुटलं नाही, फाटलं नाही, विरघळून गेलं. निम्मी बाटली सरांच्या टेबलाच्या काचेवर पसरली, त्या काचेखाली चारही बाजूंनी देवांचे फोटो होते.

मग सर म्हणाले, "अभिषेक झाला म्हणा की."

मावशीनं काचेचं चंचुपात्र आणून टक्कन माझ्यापुढं ठेवलं. त्या एका आवाजापुढं माझ्या आईची सगळी भाषणं फिकी. उरलेल्या द्रवाचा नखाएवढा थर आरशाच्या कडेला दिला आणि तो वाळेपर्यंत आम्ही चौकात जाऊन गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला. तिखट, झणझणीत, वर भजी. खोटं सांगत नाही, मला चव कळली नाही. मुलामा कच्चा निघाला तर मावशीची सगळी सुट्टी सालासकट माझ्या हातात येणार होती. ती मात्र शेवटच्या शितापर्यंत जेवली. "पिंपाभोवती फिरताना काच दोनदा चिरली होती," एवढंच म्हणाली. "दोनदा पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा होणार नाही माझ्याच्यानं. गुडघे गेले."

परत आलो. कडेचा तुकडा चिमट्यानं सोलला. खाली आरसा लख्ख. मुलामा जागेवर. मावशीनं खुर्ची ओढली आणि बसली.

आता पूर्ण थर. द्रव निम्माच उरलेला, त्यामुळं ब्रश ताणून ताणून फिरवावा लागला. ओढायची पट्टी आणायला मी विसरले होते, हे सांगायला नकोच. पिशवीतलं पत्रक फाडून त्याची पट्टी कडेच्या ओल्या थरात बसवली. तिच्यावर "जाहीर धिक्का" एवढं वाचता येत होतं.

तेवढ्यात सकाळपासून गेलेली लाइट आली. पंख्याचं बटण कुणी बंद केलंच नव्हतं. पातं फिरलं आणि खिडकीच्या फटीतला सोयाबीनचा भुसा उडून अख्ख्या थरावर बसला. मी किंचाळले. मावशी म्हणाली, "ओरडू नको. वरच बसलाय ना? सालाबरोबर निघेल." ते खरं होतं, आणि मला सुचायला हवं होतं.

थर वाळेपर्यंत रिकामा वेळ होता आणि समोर श्रोते होते. माझ्यासारखीनं काय केलं असतं? मी मुलींना पत्रकं वाटली आणि भाषण सुरू केलं. यंत्र म्हणजे काय, पूजा म्हणजे काय, गुलामी म्हणजे काय. रंगात आल्यावर विचारलं, "हे कुणी केलं? मला त्या माणसाशी बोलायचंय." माझी नजर सरांवर होती.

मागून एक किरकोळ अंगाची मुलगी पुढं आली. "मी लावलाव."

तिचं नाव भाग्यश्री. मावशीच्या वर्गातली सगळ्यात हुशार, हे नंतर कळलं.

"का पण?"

"खंडेनवमीला सरांनी समद्यांची पूजा केली. कॉम्प्युटरला कुंकू, सरांच्या गाडीला कुंकू, पोरांच्या बॅटी-स्टंपाला बी कुंकू. दुर्बिणीला न्हाई. आम्ही म्हटलं, आमच्या दुर्बिणीला का न्हाई? सर म्हणले, ती कुणी वापरत न्हाई, कपाटात हाय."

"म्हणून तू..."

"म्याडमनी बनवली ती. पोरांची बॅट मोठी आन् म्याडमची दुर्बीण बारकी, असं कसं? शिपाईमामाकडनं किल्ली घेतली आन् लावलं. तुमच्याच कागदावर लिवलंय की, समानता पाहिजे म्हणून."

लिहिलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात.

"अगं, पण आरशावर? पाइपाला लावायचं ना."

"ताई, कुंकू तोंडाला लावतेत. पायाला लावतेत का?" ती खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "पाइपात वाकून बघितलं तर आत तोंड दिसलं. तेच तोंड वाटलं."

सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

"दुर्बिणीतून तू याआधी काय काय बघितलंयस?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. आठवीत एकदा चंद्र दाखवणार होते, ढग आले. मग कपाटात गेली."

माझ्या हातात उरलेली पत्रकं होती. ती मी पिशवीत ठेवली. कुंकवाबद्दलचं माझं मत बदललं नव्हतं, आजही बदललेलं नाही. चुना मुलामा खायला लागला की भक्ती बघून थांबत नाही. पण या मुलीनं दुर्बीण हातात धरली असती, एकदा तरी स्वतः जुळवली असती, तर तिचं तोंड कुठं आणि पाय कुठं हे तिला माझ्याआधी कळलं असतं. कुलपातल्या वस्तूचं माणूस करणार काय? पूजाच करणार.

थर वाळला. मी पट्टी धरली आणि हळूहळू ओढली. चर्र आवाज करत साल उठलं, भुशासकट, आणि खालून असा आरसा निघाला की दारातल्या मुली "आई गं" म्हणाल्या. निम्मं आलं. मग जिथं थर पातळ होता तिथं फाटलं. बरोबर कुंकवाच्या अलीकडं. "जाहीर धिक्का" माझ्या हातात लोंबत राहिला आणि लाल ठसा जिथल्या तिथं, वर फाटक्या सालाच्या चिंध्या.

निम्मी बाटली टेबलावर सांडली नसती तर थर जाड बसला असता. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सरांनी टेबलावरचं वाळलेलं साल एका कोपऱ्यातून उचललं, ते सबंध निघालं, आणि खालची काच अशी चमकली की देव दचकले असतील. "इथं मात्र एक नंबर काम झालं बघा," ते म्हणाले.

मी मुजीबला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "थर्माकोल? वा, मॅडम, वा." मग म्हणाला, "चिंध्या नखानं वढू नको. त्याच्यावरच परत लाव. नवा थर जुन्याला धरतो, मग दोन्ही संगट येतेत. उरलंय का काही?"

बाटली चंचुपात्रावर उलटी धरली. घरी तेलाची धरतो तशी. एक थेंब, बराच वेळ काही नाही, मग दुसरा. अर्धा चमचा जमला असेल. मी ब्रश उचलला. मावशीनं माझ्या हातातून काढून घेतला आणि भाग्यश्रीपुढं धरला.

"मावशी, हे शेवटचं आहे. तिला माहीत नाही कसं..."

"तुला माहीत होतं ना? मग झालं." आणि भाग्यश्रीला म्हणाली, "पसरवू नको. जाड ठेव. ठशाच्या बाहेर बोटभर जाऊ दे."

मुलीनं ब्रश उभा धरला आणि ठशावर टेकवला. सगळा द्रव त्या एका जागी गेला. मावशीनं पत्रकाची आणखी एक पट्टी फाडून कडेला बसवली. सर स्वतः पंख्याच्या बटणापाशी जाऊन पहारा देत उभे राहिले.

वाळल्यावर भाग्यश्रीनंच ओढलं. या वेळी फाटलं नाही. साल आलं, चिंध्यांसकट, आणि ते गुलाबी झालं होतं. तिनं ते उजेडात धरलं. तिच्या बोटाचा ठसा त्यात रेघान् रेघ उमटला होता.

आरशावर कुंकू नव्हतं. त्या जागी एक अंधुक, मळकट गोल राहिला होता. चुन्यानं तेवढं खाल्लं होतं.

"म्याडम, हे ऱ्हाणार?"

"राहणार."

भाग्यश्री रडली नाही. पण दुर्बीण जुळवताना ती सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

शाळेचं मैदान

अंधार पडला तेव्हा पाइप तिरका उभा होता आणि मावशी गुडघ्यावर हात ठेवून वाकली होती. डोळ्याशी लावायचं भिंग पुढं-मागं करत राहिली. मग सरळ होऊन म्हणाली, "भाग्यश्री, पुढं ये."

ती आली. डोळा लावला.

या वर्षी शनीची कडी आपल्याला आडवी दिसतात. पिवळसर मणी, आणि त्यातून आरपार गेलेली सुई. एवढंच. मीही नंतर पाहिलं आणि पिशवीतलं एकही वाक्य आठवलं नाही.

"ठिपका कुठं हाय?" भाग्यश्री विचारत होती. "तो मळका गोल? शनीवर दिसत न्हाई."

"दिसणारच नाही," मावशी म्हणाली. "आरशाचा प्रत्येक भाग अख्खा शनी दाखवतो. तेवढी जागा गेली म्हणून शनीचा तुकडा पडत नाही. उजेड कणभर कमी, बस्स."

भाग्यश्रीनं पुन्हा डोळा लावला, पुरतं बघून घेतलं, आणि म्हणाली, "आजी म्हणती, शनीला समदं दिसतं. ह्याला तर माझं कुंकू बी दिसलं न्हाई."

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "एवढुसाच हाय? आन् ह्याच्यावर डबाडबाभर तेल वततेत?"

सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी चप्पल काढली. मी कशी गप्प बसेन?

"चप्पल काढली म्हणून शनी जवळ आला का, सर?"

"न्हाई. पण पाय मोकळे झाले." त्यांनी वाकून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मागच्या मुली कुरकुरायला लागल्या तरी हलले नाहीत. उठल्यावर त्यांनी खिशात हात घातला, कपाटाची किल्ली काढली आणि मावशीऐवजी भाग्यश्रीच्या हातात ठेवली. "हरवलीस तर बघ," म्हणाले.

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या शाळेत एक कपाट असणार. त्यात सूक्ष्मदर्शक असेल, भिंग असेल, कदाचित एखाद्या मास्तरनं नाहीतर बाईनं हातानं घासलेला आरसा असेल. या आठवड्यात शाळेत जा आणि किल्ली मागा. "बघू" म्हणाले तर परवा पुन्हा जा. दार उघडलं की आतलं सगळं पोरांच्या हातात द्या. फक्त एक करा. आरशावर धूळ दिसली तर ओढणीचं टोक खाली ठेवा.